ज्यांना मत दिलं, त्यांनाच फोन करा: अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

ऑस्टिन, टेक्सास
२० जानेवारी २०२६

मित्रमैत्रिणींनो,

परवा रविवारी इथल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी, तिळगुळाच्या डब्यांच्या शेजारी, मी मतदार नोंदणीचं टेबल मांडून बसले होते. टेक्सासात हे काम कुणीही उठून करू शकत नाही. आधी ‘व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार’ म्हणून काउंटीकडून नेमणूक घ्यावी लागते. ती दर सम वर्षाच्या अखेरीला संपते, की पुन्हा घ्यायची. भरून घेतलेला फॉर्म पाच दिवसांच्या आत कार्यालयात पोचवायचा. मी हे बरीच वर्षं करते आहे आणि एक पथ्य काटेकोर पाळते: टेबलावर बसलं की पक्षाचं राजकारण बोलायचं नाही. त्यामुळे रविवारी जे ऐकलं त्याला तिथे उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

टेक्सासनं गेल्या वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, मतदारसंघांचा नकाशा रिपब्लिकन पक्षाच्या सोयीनं नव्यानं आखला. त्यावरून तीन वाक्यं ऐकली. पहिलं एका मुलीचं. नोव्हेंबरात तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली, कार्यक्रमाला नऊवारी नेसून आली होती. मी फॉर्म पुढे केला तर म्हणाली, “काकू, भरून काय करू? निकाल तर नकाशातच लावून टाकलाय ना.” दुसरं एका जुन्या स्नेह्यांचं, “वहिनी, कॅलिफोर्नियानं तेच केलं तेव्हा कुठे होता तुम्ही सगळे?” आणि तिसरं एका मैत्रिणीचं, जी अनेक वर्षं मनापासून रिपब्लिकन पक्षाला मत देत आली आहे. ती म्हणाली, “माझ्याच पक्षाच्या जागा वाढताहेत. मी कशाला तक्रार करू?”

हे पत्र सगळ्यांना आहे, पण सर्वांत जास्त त्या मैत्रिणीला आहे.

मी स्वतः कुणाला मत देते ते इथे लिहीत नाही. कळलं तर तुम्ही निम्मे लोक पुढचं वाचणार नाही, आणि उरलेले निम्मे विचार न करता मान डोलावतील.

आधी काय घडलं ते नीट सांगते, कारण रविवारी बऱ्याच जणांना ते तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होतं. काँग्रेसच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज या सभागृहाच्या ४३५ जागा दर १० वर्षांनी, जनगणना झाली की, राज्यांमध्ये वाटल्या जातात. २०२०च्या जनगणनेनंतर टेक्सासच्या ३६च्या ३८ झाल्या. राज्याच्या विधिमंडळानं २०२१मध्ये मतदारसंघ आखले, प्रत्येकात साधारण ७ लाख ६७ हजार माणसं. हा नकाशा पुढच्या जनगणनेपर्यंत चालायचा होता. पण २०२५च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टेक्सासातून आपल्या पक्षाला आणखी पाच जागा हव्यात असं जाहीरपणे सांगितलं, आणि गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी विशेष अधिवेशन बोलावलं. ३० जुलैला नवा नकाशा बाहेर आला. ३ ऑगस्टला डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती होऊ नये म्हणून राज्य सोडून गेले, बरेचसे इलिनॉयला. दोन आठवड्यांनी परत आले. २९ ऑगस्टला नकाशावर सही झाली.

२०२४मध्ये ट्रम्प यांना टेक्सासात ५६ टक्के मतं पडली होती. रिपब्लिकनांकडे ३८पैकी २५ जागा होत्या, म्हणजे आधीच मतांच्या मानानं जास्त. नवा नकाशा ३० जागांच्या हिशेबानं काढला आहे. ३८पैकी ३० म्हणजे ७९ टक्के.

हे कसं जमतं, ते एका छोट्या हिशेबानं सांगते. समजा ३०० मतदार आहेत आणि १००-१०० चे तीन मतदारसंघ. एका पक्षाकडे १६० मतं आहेत, दुसऱ्याकडे १४०. सरळ वाटतं, १६०वाला दोन जागा घेईल. पण रेघा १४०वाल्याच्या हातात असतील तर तो काय करेल? समोरच्याची ७० मतं एकाच मतदारसंघात कोंबेल, तिथे स्वतःची ३० वाया घालवेल, आणि उरलेल्या दोन ठिकाणी ५५-४५ अशी आखणी करेल. ३० अधिक ५५ अधिक ५५, १४०च होतात. कमी मतं, दोन जागा. कोंबायचं आणि फोडायचं, एवढ्या दोनच युक्त्या आहेत. १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशाच एका वाकड्यातिकड्या मतदारसंघाच्या कायद्यावर सही केली. त्याचा आकार सॅलमँडरसारखा दिसतो म्हणून बॉस्टनच्या वर्तमानपत्रानं दोन्ही नावं जोडून टाकली, आणि जेरीमँडरिंग हा शब्द आला. तेव्हा हे हातानं, अंदाजानं व्हायचं. आता संगणकावर एकेका ब्लॉकपर्यंत आकडे असतात. आपल्यातले कितीजण तर असलीच सॉफ्टवेअर लिहून पोट भरतात. हे किती अचूक करता येतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऑस्टिनमध्ये राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये मतदार नोंदणीची जुनी कार्डं आहेत. टेक्सासात दर दोन वर्षांनी नवं कार्ड येतं आणि त्यावर काँग्रेसचा, राज्य सिनेटचा, राज्य हाऊसचा मतदारसंघ क्रमांक छापलेला असतो. घर तेच, अंगणातला पिकानचा वृक्ष तोच, कार्डावरचा आकडा मात्र बदलत गेला. २०११च्या आखणीनंतर हे शहर सहा मतदारसंघांत वाटलं गेलं होतं. त्यातल्या पाच जागा रिपब्लिकनांच्या, एक डेमोक्रॅटांची. आमचा उत्तर ऑस्टिनचा तुकडा १७व्या मतदारसंघात होता, जो वेको आणि कॉलेज स्टेशनपर्यंत पसरलेला होता. वेको इथून १०० मैल. तिथल्या माणसांबद्दल मला काही वावगं म्हणायचं नाही, माझा मुलगा कॉलेज स्टेशनलाच शिकला. पण त्यांचे प्रश्न वेगळे, आमचे वेगळे, आणि आम्हाला त्यांच्याशी जोडलं ते आमची मतं तिथल्या मतांत विरून जावीत म्हणून. शहराच्या दुसऱ्या अंगाला ३५वा मतदारसंघ होता. तो आंतरराज्य महामार्ग ३५ ला धरून ऑस्टिनपासून सॅन अँटोनिओपर्यंत लांबलचक पट्टीसारखा गेला होता. तिथे उलट, डेमोक्रॅट मतं कोंबलेली.

मुळात प्रतिनिधी आपल्याला लागतो कशाला? २०१६मध्ये माझ्या आईच्या व्हिसाचं प्रकरण कुठेतरी अडकलं होतं. ती सांगलीत एकटी, आजारी, आणि मी इथे रोज वेबसाइट उघडून बघत होते. शेवटी काँग्रेसमनच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी माझा पक्ष विचारला नाही. कागद मागवले, चौकशीचं पत्र पाठवलं, आणि दर आठवड्याला स्वतःहून फोन करून कुठवर आलं ते सांगत राहिल्या. त्या माणसाला मी मत दिलेलं नव्हतं. तरी तो माझा प्रतिनिधी होता, कारण पुढच्या वेळी मी देऊही शकले असते. सगळा खेळ त्या “देऊही शकले असते”वर उभा आहे. मतदारसंघ असा आखला की माझ्या मतानं कधीच काही हलणार नाही, तर माझा फोन उचलण्यामागे फक्त त्या बाईंचा चांगुलपणा उरतो. आणि हे फक्त हरणाऱ्या पक्षाच्या मतदाराचं नाही. जिंकणाऱ्या पक्षाच्या मतदाराचीही गत तीच होते, थोडी उशिरा. जागा पक्की झाली की उमेदवाराला भीती उरते ती फक्त पक्षांतर्गत निवडणुकीची, म्हणजे प्रायमरीची. प्रायमरीत मत द्यायला जाणारे थोडे आणि कडवे. बाकीचे तुम्ही, शाळा-कर-व्हिसा-रस्ते यांची काळजी करणारे, नोव्हेंबरात नुसतं शिक्कामोर्तब करायला जाता.

मैत्रिणी, म्हणून तुला विचारते. तुझ्या पक्षाच्या पाच जागा वाढल्या. त्या पाच जणांना तुझी गरज किती उरली?

२४ जुलैला इथल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, राज्य हाऊसच्या समितीची पहिली जनसुनावणी झाली, तिला मी गेले होते. मग ह्यूस्टनला एक झाली, आर्लिंग्टनला एक. या तिन्ही सुनावण्यांच्या वेळी नकाशा समोर ठेवलेलाच नव्हता. लोक रांगा लावून आले, तासन्‌तास थांबले, बहुतेक जण विरोधात बोलले. पण विरोध कशाला करायचा, कुठल्या रेघेला, ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या पुढच्या आजोबांनी आपल्या गावाचा हातानं काढलेला नकाशा आणला होता. नदी कुठे, शाळा कुठे, बाजार कुठे. “हे तोडू नका,” एवढंच म्हणाले आणि कागद समितीच्या टेबलावर ठेवून खाली बसले. नकाशा आल्यावर आणखी सुनावणी झाली खरी, पण तोवर पाच जागांचा आकडा ठरलेला होता.

कोर्टाचं काय, असं रविवारी दोघांतिघांनी विचारलं. २०१९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ या खटल्यात पाचास चार मतांनी निर्णय दिला की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीचा वाद संघराज्याची न्यायालयं सोडवू शकत नाहीत. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी या प्रकाराचं समर्थन केलं नाही. उपाय राज्यांकडे आणि काँग्रेसकडे शोधा, असं लिहिलं. त्या खटल्यात दोन राज्यं होती. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकनांनी केलेली आखणी होती. तिथल्या एका आमदारानं २०१६मध्ये समितीपुढे उघड सांगितलं होतं की नकाशा १० विरुद्ध ३ असा काढू या, कारण ११ विरुद्ध २ काढणं शक्य आहे असं मला वाटत नाही. आणि दुसरं मेरीलँड, तिथे डेमोक्रॅटांची. म्हणजे दोन्ही पक्षांचं पाप एकाच निकालपत्रात शेजारी शेजारी आहे.

वंशाच्या आधारावर रेघा ओढल्या तर मात्र न्यायालय अजूनही दखल घेऊ शकतं. त्यामुळे टेक्सासच्या खटल्यात सरकारचा बचावच असा राहिला की आम्ही वंश पाहिला नाही, फक्त पक्ष पाहिला. १८ नोव्हेंबरला एल पासोच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं दोनास एक असा निर्णय देऊन नकाशा थांबवला. तो निर्णय लिहिणारे न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. म्हणून ३ मार्चची प्रायमरी नव्या नकाशावर होणार आहे.

ह्यूस्टनमधल्या मंडळींना यातला सर्वांत विचित्र भाग सोसावा लागतो आहे. १८व्या मतदारसंघाचे काँग्रेसमन सिल्व्हेस्टर टर्नर गेल्या मार्चमध्ये वारले. जागा तेव्हापासून रिकामी आहे. पोटनिवडणुकीची शेवटची फेरी आता ३१ जानेवारीला, जुन्या रेघांनुसार. आणि त्यानंतर पाच आठवडेही होत नाहीत तोच प्रायमरी, नव्या रेघांनुसार. तिथल्या माझ्या मामेबहिणीला मी फोनवर हे समजावून सांगत होते. ती शेवटी म्हणाली, “ताई, मला फक्त एवढं सांग, माझा माणूस कोण?” मला नीट उत्तर देता आलं नाही.

आता कॅलिफोर्निया. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांना टाळायचं नाही मला, कारण प्रश्न रास्त आहे. तिथल्या मतदारांनी २००८ आणि २०१०मध्ये स्वतः मतदान करून आखणीचं काम राजकारण्यांकडून काढून घेतलं आणि नागरिकांच्या १४ जणांच्या आयोगाकडे दिलं. पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार कुठल्याच पक्षाचे नसलेले. देशात उदाहरण म्हणून दाखवावी अशी व्यवस्था. टेक्सासच्या पाच जागांना उत्तर म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनी ती २०३०पर्यंत बाजूला ठेवण्याचा ठराव आणला. ४ नोव्हेंबरच्या मतदानात ‘प्रपोझिशन ५०’ सुमारे ६४ टक्क्यांनी मंजूर झाली. डेमोक्रॅटांना पाच जागा वाढतील अशी आखणी.

माझी सख्खी बहीण फ्रीमाँटला असते. तिनं हो म्हणून मत दिलं. आम्ही दोघी दिवाळीत फोनवर यावरून भांडलो. तिचं म्हणणं, “तू टेक्सासातून मला उपदेश करू नकोस. तुमच्याकडे लोकांना विचारलं तरी का? आम्हाला विचारलं.” हे खरं आहे. तिथे नकाशा आधी जाहीर झाला, मग लोकांनी मत दिलं, आणि मुदत ठरलेली आहे. हा फरक मी लहान मानत नाही. पण त्या राज्यात ट्रम्प यांना मत देणारे ३८ टक्के लोक आहेत, सेंट्रल व्हॅलीत, उत्तरेच्या डोंगराळ भागात, आणि त्यांना माझ्या १७व्या मतदारसंघासारखंच वाटणार आहे. मी तिला तेच सांगितलं. सासूबाईंचा राग सुनेवर आणि सुनेचा राग भांड्यांवर, तशातली गत झाली. टेक्सासच्या आमदारांवरचा राग रेडिंगच्या एखाद्या शेतकऱ्यानं का भोगायचा? तिचा मुद्दा अजून मला पूर्ण खोडता आलेला नाही, माझा तिला.

आणि इलिनॉय? टेक्सासचे आमदार ज्या राज्यात आसऱ्याला गेले तिथे डेमोक्रॅटांनी २०२१मध्ये आखलेल्या नकाशात १७पैकी १४ जागा त्यांच्याकडे आहेत. टेक्सासमध्येही १९९१ साली बहुमत डेमोक्रॅटांचं होतं आणि त्यांनी तेव्हा तेच केलं होतं. २००३मध्ये रिपब्लिकनांनी दशकाच्या मध्यावरच आखणी बदलली. तेव्हाही डेमोक्रॅट आमदार आधी ओक्लाहोमात आर्डमोरला आणि मग सिनेटर न्यू मेक्सिकोत आल्बुकर्कीला जाऊन बसले होते. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटांच्या १७ जागांच्या ११ झाल्या. माझ्या कार्डावरच्या आकड्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

नवीन नागरिक झालेल्या त्या मुलीला मला आता इंडियानाबद्दल सांगायचं आहे.

तिथे नऊ जागा आहेत, सात रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट. नऊच्या नऊ याव्यात म्हणून नवा नकाशा आला. इंडियानापोलिस शहराचे चार तुकडे. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स स्वतः तिथे जाऊन आमदारांना भेटून आले. जो विरोधात जाईल त्याच्याविरुद्ध प्रायमरीत उमेदवार उभा करू, असं ट्रम्प यांनी सांगितलं. काही सिनेटरांना धमक्या आल्या, खोट्या तक्रारी करून त्यांच्या दारात पोलीस पाठवले गेले. हाऊसनं नकाशा मंजूरही केला. ११ डिसेंबरला तो राज्याच्या सिनेटपुढे आला. ५० जणांच्या त्या सभागृहात ४० रिपब्लिकन आहेत. नकाशा ३१ विरुद्ध १९ असा पडला. विरोधात गेलेल्यांत २१ रिपब्लिकन होते.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. इंडियानात टेक्सासप्रमाणेच जनतेला सह्या गोळा करून ठराव मतदानाला टाकण्याचा अधिकार नाही. मिशिगनमध्ये आहे. तिथे केटी फेही नावाच्या तरुणीनं २०१६च्या नोव्हेंबरात फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, लोक गोळा झाले, सव्वाचार लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि २०१८मध्ये ६१ टक्के मतांनी नागरिकांचा आयोग आला. मिसूरीत तो अधिकार आहे. तिथे कॅन्सस सिटी फोडणाऱ्या नकाशावर जनमत घ्या म्हणून डिसेंबरात तीन लाखांवर सह्या जमा केल्या गेल्या. इंडियानाच्या मतदाराकडे यातलं काहीच नव्हतं. फोन होता, ईमेल होता, आपल्या गावच्या सिनेटरला गाठून त्याच्या समोर उभं राहणं होतं. आणि ते त्यांनी केलं. त्या २१ जणांपैकी अनेकांनी बोलून दाखवलं की आपल्या मतदारांनी आपल्याला हे नको म्हणून सांगितलं. सांगणारे फक्त डेमोक्रॅट असते तर त्यांच्यावर काय परिणाम झाला असता? त्यांना मत देणारे, त्यांच्यासाठी दारोदार फिरलेले लोक होते म्हणून ऐकावं लागलं. मेरीलँडमध्ये उलट बाजूनं हेच दिसलं. तिथल्या सिनेटचे अध्यक्ष बिल फर्ग्युसन, डेमोक्रॅट, यांनी ऑक्टोबरात आपल्याच सहकाऱ्यांना पत्र लिहून कळवलं की या भानगडीत आपण पडायचं नाही.

म्हणून माझं मागणं हरलेल्यांकडे कमी आणि जिंकलेल्यांकडे जास्त आहे. टेक्सासातल्या रिपब्लिकन मराठी मतदारांनो, तुमच्या राज्य आमदाराला फोन करा. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमधल्या डेमोक्रॅट मराठी मतदारांनो, तुम्ही तुमच्या आमदाराला करा. समोरच्या पक्षाबद्दल एक अक्षर बोलू नका. फक्त सांगा, मी तुम्हाला मत देतो, पुढेही द्यायचं आहे, पण हे मला मान्य नाही. आखणीचं काम तुमच्या हातातून काढून घेणारा कायदा करा. रविवारी मी सहज म्हणून दहाबारा जणांना विचारलं, तुमचा राज्य आमदार कोण? राष्ट्राध्यक्षाच्या अख्ख्या मंत्रिमंडळाची नावं सांगणारे लोक होते त्यात. आमदाराचं नाव एकीला आलं. आणि नकाशा काढतात ते हेच, राज्य हाऊसचे १५० आणि राज्य सिनेटचे ३१ जण.

आयोग आला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. मिशिगनच्या आयोगानं आखलेल्या १३व्या मतदारसंघातून २०२२मध्ये आपले श्री ठाणेदार निवडून आले. बेळगावात वाढलेला माणूस काँग्रेसमध्ये गेला म्हणून आम्ही इथे पेढे वाटले होते. त्याच वेळी डेट्रॉइटला अनेक दशकांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य उरला नाही, आणि त्या शहरात याचं दुःख फार खोल होतं. पुढे त्याच आयोगानं डेट्रॉइट परिसरात आखलेले १३ राज्य मतदारसंघ संघराज्याच्या न्यायालयानं २०२३च्या डिसेंबरात रद्द केले, कारण रेघा ओढताना वंशाचा हिशेब केला होता. आपल्या आनंदाच्या दुसऱ्या बाजूला कुणाचं काय गेलं, हे आपल्या मंडळांत तेव्हा बोललं गेलं नाही. बोलायला हवं होतं. पण आयोगाची चूक कागदावर सापडली, न्यायालयात दुरुस्त झाली, आणि पुढच्या आखणीत त्याच आमदारांची खुर्ची वाचवण्याचा प्रश्न तिथे नव्हता. मला ते पुरेसं वाटतं.

आपल्याला हा विषय परका नाही. गेल्या गुरुवारी, १५ जानेवारीला, माझ्या पुण्याच्या दादानं जवळजवळ नऊ वर्षांनी महापालिकेसाठी मत दिलं. चार सदस्यांचा प्रभाग, एका माणसानं चार मतं द्यायची. प्रभाग तीनचा की चारचा, मुंबईत वॉर्ड २२७ की २३६, हे सरकार बदललं की बदलत राहिलं, आणि त्या ओढाताणीत निवडणूकच वर्षानुवर्षं लांबली. २०२२मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, तेव्हा सर्व पक्षांनी मिळून घेतले. दादा म्हणतो, प्रभाग पडला की कोण उभं राहणार आणि कोण पडणार ते चहाच्या टपरीवर आधीच ठरतं. लोकसभेचे मतदारसंघ मात्र तिथे परिसीमन आयोग ठरवतो, अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, आणि खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात पण त्यांना मत नसतं. वाद तिथेही होतात. तरी ज्याला निवडून यायचं आहे त्याच्याच हातात खडू द्यायचा नाही, एवढं तत्त्व तिथे लिहून ठेवलेलं आहे. ते आपण लहानपणी नागरिकशास्त्रात शिकलो आणि इथे येऊन विसरलो.

आता टेक्सासच्या मंडळींसाठी कामाचं. इथे नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. ३ मार्चला तुम्ही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकता. तुमचा मतदारसंघ एका पक्षासाठीच आखला गेला असेल तर खरी निवड त्या प्रायमरीतच होते. तिथे जा, मग तो पक्ष तुमचा असो वा नसो. फक्त लक्षात ठेवा, मे महिन्यात रनऑफ, म्हणजे प्रायमरीची दुसरी फेरी, झाली तर तिथे पक्ष बदलता येत नाही. नव्या नकाशात तुमचा काँग्रेसचा मतदारसंघ बदलला असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा जुन्या कार्डावर विसंबू नका, काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घालून बघा. त्याच पानावर राज्य आमदाराचंही नाव मिळेल. त्याच्या कार्यालयाचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

नऊवारीतल्या त्या मुलीनं शेवटी फॉर्म भरला नाही, पण परतही केला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सर्वांसाठी: मार्चसाठी नोंदणीची शेवटची तारीख २ फेब्रुवारी, सोमवार. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी, दोन्ही दिवस सकाळी १० ते ५ मी घरीच आहे. ट्रॅव्हिस काउंटीतल्या कुणालाही बाहेर पडणं अवघड असेल, लहान मूल असेल, वयस्कर आईवडील असतील, तर मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाका. फॉर्म घेऊन मी येईन.

तुमची,
उत्तर ऑस्टिनमधली एक मतदार